पाण्यातली पाठ

बाई : पेन असेल तर खिशातच राहू द्या. या खोलीत फक्त पेन्सिल चालते. आणि हात टेबलावरच्या या पट्टीच्या अलीकडे.

मिस्त्री : पेन नाही माझ्याकडे. ही कानावरची पेन्सिल आहे, सुताराची. चालेल ना?

बाई : चालेल. पण ती कानावरच बरी. चित्र दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, जलरंगातलं. त्याला उजेडसुद्धा सोसत नाही, म्हणून पडदे ओढलेत. तुम्हाला अर्धा तास मिळेल.

मुलगी : अर्जात आम्ही एक तास लिहिला होता.

बाई : लिहिला तुम्ही होता. मंजूर मी केला. अर्धा तास.

मिस्त्री : असू दे गं. अर्ध्या तासात माणसं लग्नं उरकतात.

बाई : आणि एक आधीच सांगते, नंतर हिरमोड नको. हे काही आमच्या संग्रहालयाचं नावाजलेलं चित्र नाही. तेवीस वर्षं मी इथल्या कागदावरच्या चित्रांची देखभाल करतेय. हे खणातून तीनदा बाहेर काढलं असेल, तेही कसर लागली नाही ना एवढंच बघायला. तुम्हाला याचा पत्ता लागला कसा?

मुलगी : तुमच्या वेबसाइटवर. नखाएवढा फोटो होता. मोठा करायला गेलं की नुसते चौकोन दिसत. पण मधली होडी पाठमोरी आहे एवढं कळलं. बाबांना दाखवलं, तर त्या दिवशी ते जेवणावरून उठले ते परत बसलेच नाहीत.

मिस्त्री : आमच्यात होडीच्या मागच्या भागाला पाठ म्हणतात, बाई. सगळे चित्रकार होडी काढतात ती नाळेकडून, पुढून. रुबाब तिथे असतो ना. मागून काढणारा मला सत्तर वर्षांत हा पहिलाच भेटला.

बाई : चष्मा लावा. हे भिंगही घ्या. धरा असं, कागदाला टेकवू नका.

मिस्त्री : वा. काय पाणी आहे. एक तरंग नाही. शिडं कशी सुकायला सोडलीत बघ, पोरी, वारा पडलेला आहे. डोलकाठी जरा मागे कललेली. बरोबर. फळ्या किती मोजल्यास?

मुलगी : बाजूला सात.

मिस्त्री : सातच. दादाही सातच घालायचा. आता पाठ... पाठीवर काय आहे हे?

मुलगी : जाळं आहे, बाबा.

मिस्त्री : जाळं?

मुलगी : वाळत घातलंय पाठीवर. वरून पार खालपर्यंत लोंबतंय. काही दिसत नाही मागे.

मिस्त्री : नीट बघ. कुठे फट असेल.

मुलगी : बघितलं. नाहीये.

बाई : खुर्ची घ्या. बसा जरा.

मिस्त्री : कुठल्या तरी बाईनं किंवा बाप्यानं त्या दिवशी सकाळी जाळं दुसरीकडे टाकलं असतं, तर काय बिघडलं असतं त्यांचं?

बाई : तुम्हाला नक्की काय बघायचं होतं? अर्जात लिहिलंय ‘व्यावसायिक काम’. तेवढ्यावरून मला काही कळलं नव्हतं.

मुलगी : मी सांगते. आमची होड्या बांधायची शेड आहे. म्हणजे होती. तीस वर्षं नुसती डागडुजी चालली आहे, सगळे फायबरच्या होड्या घेतात. गेल्या वर्षी सात मच्छीमार आले. आमच्याकडची खाडी गाळानं भरत चाललीय. मासा आतल्या उथळ पाण्यात जाऊन बसतो, आणि इंजिनाच्या होडीचा पंखा तिथे चिखलात रुततो. त्यांना जुन्या घडणीची हलकी होडी हवी होती, शिडाची, ढोपरभर पाण्यात जागच्या जागी वळणारी. मी दुसरीकडे बोटींचे आराखडे काढायचे. ती नोकरी सोडून शेडमध्ये आले.

मिस्त्री : दोन बांधल्या. सरळ चालल्या तर डोळ्यात भरतील अशा. वळवल्या की मागे बसतात. मागून पाणी पितात. पहिलीच्या वेळी सातांपैकी जो जाडा आहे, त्याला मी दोष दिला. दुसरीत तो बसलाच नव्हता.

मुलगी : तिसरी शेडमध्ये उभी आहे. सगळी झाली, फक्त पाठ उघडी ठेवलीय. ही बसली तर ते फायबरवाल्याकडे जाणार. तसं सांगितलंय त्यांनी. रागानं नाही, हात जोडून सांगितलं. मग शेड बंदच करावी लागेल.

बाई : पण मिस्त्री, तुमचा जन्म यात गेला. ही पाठ तुम्हाला कोणी शिकवली नाही?

मिस्त्री : बाकी सगळं शिकवलं. दादानं, माझ्या थोरल्या भावानं. बाप गेला तेव्हा मी चार वर्षांचा, दादा एकोणीसचा. त्यानंच वाढवलं. वाकस धरायला शिकवलं, रंधा शिकवला, लाकूड वाजवून आतून पोकळ आहे का ते ओळखायला शिकवलं. पण पाठ बसवायची वेळ आली की सगळ्यांना चहाला पिटाळायचा. चहा पिऊन येतो तर फळ्या बसलेल्या. विचारलं की म्हणायचा, ते सगळ्यात शेवटी.

बाई : मग?

मिस्त्री : शेवटापर्यंत थांबलो नाही मी. बत्तिसाव्या वर्षी फायबरच्या कारखान्यात गेलो. दादा म्हणाला, जातोस तर जा, पाठ तुला मिळायची नाही. मी म्हणालो, नकोय मला तुझी पाठ. आठ वर्षांनी परत आलो, तर पाठीचे साचे मोडून त्यानं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलेलं. असं सुबक खुराडं तुम्ही बघितलं नसेल. कोंबड्या आत जाताना मान वाकवून जायच्या.

बाई : आणि ते दार?

मिस्त्री : वाळवीनं खाल्लं. तोवर लाकडाच्या नव्या होड्याच बांधायच्या बंद झाल्या होत्या. त्यानंही विषय काढला नाही, मीही नाही. एका घरात राहिलो, एका शेडमध्ये काम केलं.

बाई : ते आता नाहीत का?

मिस्त्री : आहे. पंच्याऐंशीचा आहे.

बाई : मग त्यांनाच विचारायचं. इतक्या वर्षांनी कोण राग धरतं?

मुलगी : बाबा, मी सांगू?

मिस्त्री : काय सांगायचंय त्यात.

मुलगी : मोठे काका सगळं विसरलेत, बाई. मला कधी ओळखतात, कधी नाही. बाबांना मुळीच नाही. बाबा म्हणजे त्यांच्या लेखी कोणी शेजारी. पहिली होडी बसली त्या दिवशी बाबा त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, पाठ कशी करायची हो? मी दारात होते. काका म्हणाले, येते मला. पण तुम्हाला नाही सांगायची. ती माझ्या धाकट्या भावासाठी ठेवलीय. कारखान्यात गेलाय तो, रुसून. येईल.

बाई : आणि मिस्त्री काय म्हणाले?

मुलगी : म्हणाले, अरे दादा, तो मीच. तर काका हसायला लागले. म्हणाले, तुम्ही म्हातारे गृहस्थ, माझा भाऊ पोरगेला आहे.

मिस्त्री : झालं सांगून? आता त्या बाईंचा वेळ खाऊ नकोस. चल, उठू या.

बाई : अजून सतरा मिनिटं आहेत.

मिस्त्री : जाळ्याकडे सतरा मिनिटं बघून काय करू?

बाई : तसं नाही. आलाच आहात तर नीट बघून जा, पुन्हा मिळेल न मिळेल. कमी महत्त्वाची चित्रं दूरच्या गोदामात हलवायची आहेत. यादीत हेही आहे. चार वाजता माणूस येईल, माझी सही झाली की गेलं. तिथून काही परत येत नाही.

मुलगी : कमी महत्त्वाचं का?

बाई : चित्रकार अज्ञात. खाली नुसती दोन अक्षरं आहेत, तीही पुसट. आणि नोंदीत एक शेरा आहे. थांबा, वाचते. ‘मासेमारीच्या तीन होड्या, संथ पाणी. चित्रकार बहुधा हौशी. प्रतिबिंब चुकलेले.’

मिस्त्री : काय चुकलंय?

बाई : प्रतिबिंब. पाण्यातली पडछाया. वर जे आहे तेच खाली उलटं दिसायला हवं ना? वर पाठीवर जाळं आहे. खाली जाळ्याची नुसती किनार आहे, आणि तिच्या वर, होडी पाण्याला टेकते तिथे, हे दोन काळे पट्टे. वाकडे. त्यांच्या मधोमध कोरा कागद सोडलाय. वर होडीला असे पट्टे कुठेच नाहीत. मनानं काढलंय त्यानं.

मिस्त्री : भिंग द्या परत.

मुलगी : बाबा?

मिस्त्री : थांब. बोलू नकोस. बाई, तुमच्याकडे आरसा आहे?

बाई : इथे आरसा कशाला असेल?

मिस्त्री : मग थाळीभर पाणी?

बाई : या खोलीत पाण्याचं नावही काढायचं नाही.

मिस्त्री : पोरी, तुझा मोबाइल दे. बंद कर, काळा व्हायला हवा. आणि हा घे माझा बूट.

बाई : बूट टेबलावर नाही.

मिस्त्री : चुकलं. बरोबर आहे तुमचं. खाली ठेवतो, फरशीवर. मोबाइल खाली, त्यावर बूट असा, कडेला. आता बाई, जरा खाली बसता का?

बाई : मी?

मिस्त्री : उभ्यानं नाही दिसायचं. हा चित्रकारही पार खाली बसला होता. होडीच्या आतलं काही दिसतंय का चित्रात? नाही. म्हणजे डोळे होडीच्या काठाच्या खाली. तोही होडीतच बसला असणार, पाण्याला नाक लावून.

मुलगी : माझा हात धरा, बाई.

बाई : गुडघे बोलतात हो माझे. बरं. बसले. काय बघू?

मिस्त्री : काचेत बघा. बुटाच्या टाचेपुढे खोलगट भाग आहे, तिथे काय दिसतं?

बाई : काहीतरी छापलंय. आकडा आहे. नऊ.

मिस्त्री : आता काच सोडा. नुसता बूट बघा. नऊ दिसतो?

बाई : नाही. बाजूचं कातडं दिसतं. शिवण दिसते.

मिस्त्री : परत काचेत.

बाई : आकडा दिसतो. शिवण अगदी जराशी.

मिस्त्री : मग? काच चुकली?

बाई : नाही. म्हणजे... आपण वरून बघतो आणि पाणी खालून बघतं.

मिस्त्री : ते खालूनच बघणार. खालीच असतं ते.

बाई : अरे देवा. शेरा चुकलाय.

मुलगी : बाबा, म्हणजे ते दोन काळे पट्टे होडीच्या पाठीखालचे आहेत? जाळं लोंबतंय त्याच्या आतले?

मिस्त्री : वरून झाकलेलं त्यानं खालून उघडं करून ठेवलंय. बघ, काळं केलंय म्हणजे तिथे सावली आहे. सावली आहे म्हणजे तिथे लाकूड आत गेलंय. दोन्ही बाजूंना. आणि मधला कोरा कागद म्हणजे कणा, पुढे आलेला, त्यावर उजेड.

मुलगी : आणि आपण दोन्ही होड्यांना तिथे पोट दिलं.

मिस्त्री : मस्त गोल पोट दिलं. दिसायला सुबक. पाणी त्याला चिकटून बसायचं आणि होडीला खाली ओढायचं.

मुलगी : चमच्याची बाहेरची बाजू केली आपण. आतली हवी होती.

मिस्त्री : शेवटच्या दोन फळ्या पिळून आत न्यायच्या. म्हणून दादा चहाला पाठवायचा. वाफेवर तापलेली फळी पिळायची म्हणजे एका दमात, कोणी मध्ये बोललं की मोडली. मला वाटायचं, लपवतोय.

बाई : पाणी प्या तुम्ही. म्हणजे, बाहेर जाऊन प्या.

मिस्त्री : काही नाही झालं मला. धूळ आहे इथे.

बाई : धूळ नाही इथे. मी असू देत नाही.

मुलगी : बाई, मला हे उतरवून घ्यायचंय. वरती कागद ठेवून गिरवता येणार नाही, माहीत आहे मला. बाजूला ठेवून काढते. किती मिनिटं राहिली?

बाई : मोठा फोटो काढून घेऊ या. चांगल्या कॅमेऱ्यानं, पट्टी शेजारी ठेवून, म्हणजे माप मिळेल.

मुलगी : फोटोसाठी वेगळा अर्ज लागतो ना? तीन आठवडे?

बाई : लागतो. तो मंजूर कोण करतं?

मुलगी : तुम्ही.

बाई : मग लिहा अर्ज. दोन ओळी पुरेत. मिस्त्री, तुम्हाला एक सांगायचंय. तो शेरा मूळ माझा नाही, माझ्या कितीतरी आधीच्या एका गृहस्थांचा. पण सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या तेव्हा हा मी जसाच्या तसा टाइप केला. चित्र शेजारच्या खणात होतं. उघडून बघितलं नाही. विद्वान माणसानं लिहिलंय, चूक कशाला असेल.

मिस्त्री : मीही दादाचं बोलणं तसंच धरून बसलो की. अडतीस वर्षं.

बाई : यादीतून हे काढतेय मी. चार वाजता तो माणूस आला की त्याला म्हणेन, एक कमी ने.

(चार महिन्यांनंतर. होड्यांची शेड, सकाळ.)

मुलगी : सांभाळून या, बाई, पायाखाली भुसा आहे, घसरायला होतं. त्या ओंडक्यावर बसा. त्याला डांबर नाही लागलेलं.

बाई : साडीची काळजी नको, जुनी नेसून आलेय. किती उजेड आहे तुमच्याकडे. हे तुमच्यासाठी. नवी नोंद. चित्राखाली लावलीय, आठ आठवडे भिंतीवर राहील, मग पुन्हा विश्रांती.

मिस्त्री : तुम्हीच वाचा. चष्म्याला भुसा लागलाय.

बाई : ‘मासेमारीच्या तीन होड्या, संथ पाणी. चित्रकार अज्ञात. मधल्या होडीच्या प्रतिबिंबात तिच्या तळाची घडण अचूक दिसते. हे एका होडी बांधणाऱ्या मिस्त्रींनी दाखवून दिले.’

मिस्त्री : ‘हौशी’ काढलंत ते बरं केलंत. आणि दोन अक्षरांचं काही लागलं का?

बाई : नाही अजून. शोधतेय. कोणी सुताराच्या घरातलं असेल असं मला उगीच वाटतं. तिसरी होडी कुठाय?

मुलगी : खाडीत. पहाटे गेलीय. सातही जणांना बसवून वळवून बघितली आधी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. जाड्याला मुद्दाम मागे बसवलं. आत बादली ठेवली होती, तिला थेंब लागला नाही. आता आधीच्या दोन्हींच्या पाठी उघडल्यात, ती समोर पालथी आहे ती पहिली. आणि हा नवा कणा घातलाय. चौथी.

बाई : फळ्या तुम्ही पिळता?

मुलगी : एक बाजू मी, एक बाजू बाबा. दोन मोडल्या. दोन्ही बाबांच्या हातून.

मिस्त्री : मध्ये बोलली ती.

बाई : आणि तुमचे दादा? त्यांना दाखवली?

मुलगी : बाबा, मी वाफेची भट्टी बघून येते. तुम्ही सांगा.

मिस्त्री : दाखवली. पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी खुर्चीत बसवून आणलं त्याला शेडमध्ये. वर्षभरात आला नव्हता. मी आता त्याला अहो-जाहो करतो बरं का. शेजारचा माणूस त्याला अरे-तुरे कसा करील? म्हटलं, बघता का होडी? खुर्ची होडीच्या मागे न्यायला लावली. मग पाठीखाली हात घातला आणि डोळे मिटून बसला. हात फिरतोय, फिरतोय. सत्तराव्या वर्षी परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. मग म्हणाला, डावीकडे रंधा एकदा जास्त फिरलाय.

बाई : फिरला होता?

मिस्त्री : फिरला होता. नंतर माप घेतलं मी. केसभर.

बाई : एवढंच म्हणाले?

मिस्त्री : नाही. विचारलं, बसवली कोणी? मी म्हटलं, तुमच्या भावानं. म्हणाला, आला का तो? म्हटलं, आला. केव्हा आला? म्हटलं, आत्ताच. मग त्यानं हात पुसले धोपटीवर... म्हणजे हत्यारांची पिशवी असायची त्याच्या मांडीवर, ती नव्हती, तरी तिथेच पुसले. आणि विचारलं, जेवलाय का तो?

बाई : मग तुम्ही काय सांगितलंत?

मिस्त्री : खरं तेच. म्हटलं, नाही अजून. तर म्हणाला, मग मी थांबतो त्याच्यासाठी.

बाई : आणि?

मिस्त्री : आणि काय. हात धुतले, आणि जाऊन बसलो त्याच्या शेजारी.